नाही जमलं तरी कळवा

२० जानेवारी २०२५, सोमवार

डॉक्टरांनी तारीख दिली. १८ फेब्रुवारी. गुणाबाईच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, बायपास करावी लागेल. बंद रस्त्याला वळसा घालून नवा रस्ता कसा काढतात, ते डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते. पनवेलच्या माणसांना बायपास समजावत होते. गुणाबाईनं चित्र नीट बघितलं आणि विचारलं, "मंग ट्राफिक किती दिवसांनी चालू व्हनार?" डॉक्टर हसले. मी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होतो.

रिक्षात बसल्यावर ती एवढंच बोलली, "कुंदनला सांगायचा नाय."

मी शब्द दिला. तिच्या माहेरचा, करंजाच्या कोळीवाड्यातला नियम आहे. माणूस पाण्यावर असेपर्यंत घरातलं वाईट त्याच्या कानावर घालायचं नाही. किनाऱ्याला लागला, पाय धुतले, दोन घास खाल्ले, की मग. आमचा मुलगा कुंदन मालवाहू जहाजावर फिटर आहे. सप्टेंबरात चढला, जूनमध्ये उतरणार.

२१ जानेवारी

कुंदनचा मेसेज. त्यांचं जहाज १४ फेब्रुवारीला न्हावा शेवाला लागतंय. अठरा तास. "उतरू देणार नाहीत, इंजिनात काम आहे. कॅप्टनला सहज विचारलं तर म्हणाला, तसं खास कारण असेल तर कंपनीला विचार. आईला सांगू नका, उगाच आशा लावून बसेल."

मी सांगायच्या आधीच ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"चौदाला," ती म्हणाली. "मंजे अठराच्या आदी."

मग आत गेली आणि सुक्या बोंबलांचा डबा खाली काढून निवडायला बसली. ते तिला खायला बंद आहेत, हे मी आठवण करून दिलं. म्हणाली, "म्हाईत हाय."

२२ जानेवारी

ठरवलं. कंपनीला मीच लिहिणार. कुंदनच्या रुजू होण्याच्या कागदांत कुटुंबीयांसाठी एक ई-मेलचा पत्ता आहे, खाली नाव मिसेस लुंड. ऑफिस कुठल्या तरी थंड देशात आहे. कुंदनला काही कळू न देता त्याला चार तास उतरू द्यावं, एवढं घडवून आणायचं आहे.

इंग्रजी पत्राची मला भीती नाही. एकतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो. शिक्षणाधिकाऱ्यांपासून मंत्रालयापर्यंत गेलेलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं. माझ्या टेबलावरून चुकीच्या नमुन्यातला अर्ज कधी पुढे गेला नाही. नेऱ्याचा बळीराम शिपाई एकदा रजेच्या अर्जात कारण म्हणून नुसतं 'घरची अडचण' असं लिहून आला होता. मी तीनदा परत पाठवला. स्पष्ट लिही म्हटलं. चौथ्यांदा तो आलाच नाही. शिस्त अशी लागते.

२४ जानेवारी

तीन दिवस खपून पत्र तयार झालं. हातानं दोन पानं, मग मोबाइलवर टाइप केलं, एका बोटानं. सुरुवात 'आय बेग टु स्टेट' अशी. कंपनीनं आमच्या मुलाला दिलेल्या भाकरीबद्दल आभार. कंपनीच्या भरभराटीसाठी प्रार्थना. आमच्या घराण्याची थोडी माहिती: वडिलांची होडी होती, आडनाव नाखवा, मी पाण्याऐवजी टेबलाशी बसलो. मग आपलं जहाज चौदा तारखेला येत असल्याचं कळून अत्यानंद झाला. आमचं घर बंदरापासून फक्त तीस किलोमीटर. मुलाच्या आईचं आता वय झालं असून तिला मुलाची फार आठवण येते. शेवटी आपल्या थोर मनाविषयी खात्री व्यक्त केली आणि 'युवर मोस्ट ओबीडियंट' म्हणून सही.

चुका नाहीत. पाठवलं.

हल्ली रोज पहाटे तीनला जाग येते. संध्याकाळचा चहा बंद केला पाहिजे.

२७ जानेवारी

उत्तर आलं. मिसेस लुंड म्हणतात, इतकं हृद्य पत्र त्यांना कुठल्याच कुटुंबाकडून आलेलं नाही. त्यांनी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. कंपनीच्या त्रैमासिकात छापायची परवानगी मागितली आहे.

मला बरं वाटलं, खोटं का लिहू. गुणाबाईला मराठीत करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग येतोय का त्यो?"

मी पुन्हा वाचलं. त्याबद्दल काही नव्हतं.

२८ जानेवारी

सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारताना नियाजला दोन्ही पत्रं दाखवली. नियाज बावीस वर्षं कुवेतला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होता, गोऱ्या साहेबांना रोज लिहायचा. चष्मा कपाळावर चढवून त्यानं सगळं वाचलं, मग बाकावर बसला.

"नाखवा, पत्र माशाल्ला आहे. पण मागितलंस कुठं?"

"म्हणजे?"

"अरे, काय पाहिजे ते कुठं लिहिलंय? जहाज येतंय, घर जवळ आहे, आई म्हातारी आहे. बस्स. ती बाई म्हणाली, वा वा, किती छान माणसं."

"ते त्यांनी समजून विचारायला नको?"

"काय विचारायला?"

मला म्हणायचं होतं ते असं. आपल्याकडे कुणाच्या घरी कामासाठी गेलं, तर कुणी दारातच काम सांगत नाही. बसतो, पाणी होतं, चहा होतो, मासळीचे भाव, कुणाची लग्नं. मग घरचा माणूसच म्हणतो, "बाकी काय? कसं येणं केलंत?" तेव्हा सांगायचं. माझे वडील होडीचं इंजिन मागायला गेले होते, तर त्यांना त्या 'बाकी काय'साठी दोन तास बसावं लागलं होतं. मी लिहिलं ते तिथपर्यंतचं होतं. पुढचं विचारण्याची पाळी त्यांची होती.

"ती तिकडे चहा पाजणार आहे का तुला?" नियाज म्हणाला. "चौदा तारखेला किती दिवस राहिले?"

सतरा.

२९ जानेवारी

दुसरं पत्र. या वेळी मागितलं. कौटुंबिक कारणास्तव मुलाला काही काळ बंदरावर उतरू द्यावं, ही नम्र विनंती. कारण लिहिलं नाही. लिहिलं की ते जहाजावर पोचणार, कॅप्टनकडून कुंदनपर्यंत जाणार, आणि गुणाबाईला मी शब्द दिला आहे. नियाज म्हणतो की मोघम लिहू नकोस. मी म्हटलं, 'कौटुंबिक कारण' यात सगळं येतं. त्यांना अडचण व्हायला नको म्हणून शेवटी घातलं: आपल्या सोयीनुसार.

१ फेब्रुवारी

उत्तर नाही. शनिवार-रविवार तिकडे सुट्टी असते, नियाज सांगतो.

गुणाबाईला जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. कुंदनचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती उचलू नका म्हणाली. तोंड ओढलेलं दिसतं, त्याला कळेल. बाजारात गेलीय म्हणून सांगितलं. ती शेजारच्या खोलीतून त्याचा आवाज ऐकत होती.

संध्याकाळी विचारत होती, बंदराच्या त्या मोठ्या गेटापाशी बसायला सावली असते का. म्हटलं, तुला काय करायचंय. म्हणाली, असाच.

३ फेब्रुवारी

मिसेस लुंड यांचं उत्तर. आपली भावना समजते. कमी वेळ थांबणाऱ्या बंदरात तातडीचं कारण असल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. मुलाचा करार जूनमध्ये संपतो, तेव्हा तो निवांत घरी येईल आणि सगळ्यांनाच ते सोयीचं होईल. मात्र, आणखी एक ओळ आहे. 'तातडीचं काही असेल, तर नेमकं काय ते कृपया स्पष्ट लिहा.'

आज दुपारभर बळीराम शिपाई आठवत होता. का ते कळलं नाही.

४ फेब्रुवारी

नियाजला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "घे. झालं ना तुझं 'बाकी काय'? बाई विचारतेय. आता बोल."

आता बोलायचं, तर गुणाबाईचा शब्द मोडतो.

५ फेब्रुवारी

तिला सगळं सांगितलं. दोन्ही पत्रं, दोन्ही उत्तरं. कारण लिहिल्याशिवाय सोडणार नाहीत, हेही. ती चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, नजर न काढता म्हणाली, "नाय."

"अगं, पण त्याशिवाय—"

"माज्या बाचा म्हाईत हाय ना तुमाला?"

मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून ऐकतोय, तरी तिनं पुन्हा सांगितलं. तिचे वडील खोल पाण्यात होते. घरी तान्हा भाऊ गेला. शेजारच्या होडीनं जवळून जाताना हाक मारून ते सांगितलं. माणसं चांगली, चांगल्या मनानं सांगितलं. त्याच वेळी जाळं ओढायचं चालू होतं. वडिलांचा दोर हातात होता आणि लक्ष दुसरीकडे. दोन बोटं गेली.

"कुंदनचा हात मशिनीत असतो," ती म्हणाली. "मना नाय भेटला तरी चालंल. त्याची बोटा र्‍हाऊ दे."

मी ताट घेतलं आणि जेवलो.

६ फेब्रुवारी

काही नाही. तलावाला गेलो नाही.

७ फेब्रुवारी

कारण न सांगता कारण सांगायचे चार मसुदे केले. 'वैद्यकीय स्वरूपाची बाब.' 'आईच्या प्रकृतीसंबंधी एक किरकोळ उपाय.' नियाजला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "दयाराम, किरकोळसाठी कोण कुणाला जहाजावरून उतरवतं? आणि बायपास किरकोळ आहे, असं तू कुणाला सांगतोयस, त्यांना की स्वतःला?"

मी म्हटलं, मसुदा कसा वाटतो तेवढं सांग. त्यानं फोन खतीजाभाभीकडे दिला. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, गुणाबाईंना काय वाटतं ते लिहा ना. तुम्ही सगळ्यात स्वतःचंच लिहिताय."

त्यांना इंग्रजी पत्रव्यवहाराची कल्पना नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज कुंदनचा फोन आला आणि मी उचलायच्या आत गुणाबाईनंच उचलला. व्हिडिओ. त्यानं डावा हात खाली ठेवला होता, पण तिनं बरोबर ओळखलं.

"हात वर कर."

"काय नाय ग आय."

"वर कर बोल्ले ना."

मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. गरम पाइपाला हात लागला. दोन दिवस झाले. फोड आलेत, खोल नाही, काम चालू आहे.

"लक्ष कुठं होता तुजा?"

तो म्हणाला, "आठ दिवस तू फोनवर येत नायस. बाबा बोलतात बाजारात गेली. रात्री साडेआठला कुठला बाजार असतो? दोघं काय लपवताव मना कलत नाय. तेच डोक्यात होता."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी कुंदनला हवापाणी विचारलं. त्यानंही सांगितलं.

तासाभरानं ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली.

"ना सांगून पन हात भाजलाच ना."

मी म्हटलं, हो.

"उद्या लिवायला बसा. मी सांगतंय तसा लिवायचा."

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तिनं अंघोळ करून, केस बांधून, खुर्ची ओढली. जणू मिसेस लुंड समोरच बसल्या होत्या. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं इथे उतरवतो, कारण मला ते पुन्हा जमणार नाही.

"मी कुंदनची आई. अठरा तारखेला माजा कालीज कापनार हायत. डाक्टर बोलतो बरी व्हशील, पन त्यो देव नाय. तुमचा जहाज चौदाला इथं येतंय. त्याच्या आदी मना माज्या पोराला बगायचाय. त्याला चार तास उतरवा. मी सोता गेटाव येन, त्याला घरी यायला नको, वाटंत कंटेनरची लाइन असते. त्याला ह्या सगल्याचा म्हाईत नाय. कॅप्टनला बोला, काम नसताना, बसवून सांगा. हात मोकला असताना. नाय जमला तरी कलवा, मंजे मी वाट बगत बसनार नाय."

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेलो. ती थांबली की मी पूर्णविराम देत होतो. चौथ्या वाक्याला तिनं माझा हात धरला.

"आता काय लिवलात? मी येवडा नाय बोल्ले."

"नम्रपणे, असं घातलं."

"कशाला? मी काय उर्मट बोल्ले?"

खोडलं. दोन ओळींनी पुन्हा सवयीनं 'आपल्या सोयीनुसार' आलं. तेही खोडायला लावलं. "त्यांच्या सोयीनं कसा? ऑपरेशन काय त्यांच्या सोयीनं हाय?"

शेवटी मी म्हटलं, निदान प्लीज तरी एकदा पाहिजे, ते तिकडचे लोक बघतात. ती विचार करून म्हणाली, "एकदा घाला. चार तास उतरवा बोलतंय ना, तितं. सारका सारका हात जोडला का समोरचा हाताकडंच बगत र्‍हातो."

सगळं मिळून अकरा ओळी झाल्या. शाळेत असतो तर असलं पत्र मी परत पाठवलं असतं. वर मायना नाही, खाली आज्ञाधारक नाही. तिच्या नावानं सही घातली. तिनं विचारलं, पाठवला का. मी बटण दाबलं आणि म्हटलं, हो.

मग तिनं बोंबील धुवायला घेतले.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी पावणेदोनला उत्तर. तिकडे ऑफिस उघडल्याबरोबर लिहिलं असणार.

होय. चौदा तारखेला साडेअकरा ते साडेतीन. कॅप्टनशी त्या स्वतः बोलल्या आहेत. कुंदनची पाळी संपल्यावर कॅप्टन त्याला केबिनमध्ये बोलावून, चहा देऊन सांगतील. बंदरातला एजंट फोन करील. शेवटी: 'स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. पहिल्या पत्रातच लिहिलं असतंत, तर आणखी काही करता आलं असतं. आता बदली फिटर चढवायला वेळ उरलेला नाही, याचं वाईट वाटतं.'

शेवटचं वाक्य गुणाबाईला मराठीत करून सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी

कुंदनचा मेसेज, फक्त आईला. तिनं मला दाखवला नाही. डोळे पुसल्यासारखं करून म्हणाली, बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या, एवढंच मागितलंय त्यानं.

१२ फेब्रुवारी

एजंटकडून हरेश नावाच्या माणसाचा फोन. गेटबाहेर कुठे थांबायचं, कुंदन कुठून येईल, सगळं समजावलं. मी म्हटलं, आपली फार कृपा, आपल्याला त्रास, आम्ही आपले— तो म्हणाला, "काका, गाडीचा नंबर सांगा ना."

गाडी नियाजची. मी काही बोलायच्या आत त्यानं टाकी भरून ठेवली होती. म्हटलं, शुक्रवार आहे, तुझी नमाज? म्हणाला, "तिकडे मशिदी नाहीत काय? तुम्ही मायलेक बोला, मी जाऊन येतो. तसाही तुमच्या गप्पांत मी काय करू, कुणी बोलतच नाही तुमच्यात."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेनऊला निघालो, पोचायला पावणेअकरा झाले. कंटेनरची रांग उलव्यापासून. गुणाबाई मागच्या सीटवर, मांडीवर डबा, अंगावर ती हिरवी इरकल जी ती लग्नकार्याशिवाय काढत नाही. गेटाच्या अलीकडे एका पिंपरणीखाली नियाजनं गाडी लावली. सावली होती.

साडेअकरा. पावणेबारा. ट्रेलरवाले आमच्याकडे बघत जात होते. मी हरेशला फोन करावा म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात नियाजनं फोन लावून "हरेशभाई, पोरगा कुठंय?" विचारलंसुद्धा. निघालाय म्हणे.

बारा वाजून पाच मिनिटांनी कुंदन आला. भगवा बॉयलर सूट तसाच, चालत नाही, पळत. गाडीचं दार उघडून आत बसला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. नियाज म्हणाला, "मी नमाजेला जातो," आणि दीड तास आधीच निघून गेला.

मला वाटलं होतं आता रडारड होईल. झाली नाही. तिनं आधी पट्टी सोडून हात बघितला, बोटं एकेक हलवायला लावली. पाचही. मग डबा उघडला. तो उजव्या हातानं जेवला, चार भाकऱ्या. ती बघत होती. ऑपरेशनबद्दल दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. त्यानं विचारलं, मांजरीला पिल्लं झाली का. तिनं विचारलं, जहाजावर भात कोण शिजवतो. असेच तीन तास गेले. मधे ती त्याच्या मांडीवर पाय ठेवून झोपलीदेखील, वीस-पंचवीस मिनिटं. तो हलला नाही.

ती झोपली असताना त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. पत्राची छापील प्रत. कॅप्टननं दिली होती.

"बाबा, हे इंग्लिश तुमचं नाय."

"माझंच आहे. मजकूर तिचा."

"कॅप्टन विचारत होता, तुझी आई काय करते. म्हणे, बावीस वर्षांत असं सरळ पत्र बघितलं नाय." मग म्हणाला, "पहिलं पत्रपण मिसेस लुंडनी पाठवलेलं जहाजावर. नोटीस बोर्डाला आहे. सगळे बोलतात, तुझा बाप लय खूश दिसतोय."

मी गाडीबाहेर येऊन थोडा वेळ उभा राहिलो. उन्हात डोळ्यांतून पाणी येतं.

तीन वीसला हरेशचा फोन. गुणाबाईनं स्वतःच दार उघडून दिलं. "जा. उशीर नको करू, बाईला शब्द दिलाय." कुंदन गेटाकडे गेला तोवर ती बघत होती. मग म्हणाली, चला, कंटेनरची लाइन लागायच्या आदी.

१६ फेब्रुवारी

बळीरामचा नंबर शाळेतून मागवून घेतला पाहिजे. कशाला, ते नंतर बघू.

१७ फेब्रुवारी

हॉस्पिटलात भरती. फॉर्मवर सही करताना कारकुनानं विचारलं, सोबत कोण थांबणार. मी म्हटलं, मी आहे ना. रुग्णाजवळ एक आणि बाहेर पळापळीला एक लागतो, काका, असं तो म्हणाला.

नियाज बाजूलाच उभा होता. त्याला घरी पाहुणे आले आहेत, हे मला माहीत होतं. मी तलाव, हवा, खतीजाभाभींचे गुडघे, अशी सुरुवात केली. मग थांबलो.

"नियाज, उद्या दिवसभर माझ्यासोबत थांबशील? मला एकट्याला भीती वाटते."

तो म्हणाला, "या अल्ला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा," आणि बाकावर पिशवी ठेवली. पिशवीत त्याची लुंगी, टॉवेल आणि दाताचा ब्रश आधीपासून होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साडेसातला आत नेलं. स्ट्रेचरवर असताना तिनं मला वाकायला सांगितलं.

"काय पन झाला तरी कुंदनला कलवायचा. चांगला, वायट, काय पन. त्यो वाट बगत बसंल."

"पाण्यावर आहे तो."

"म्हाईत हाय. मोकला हात असताना बोलवा बोला."

दुपारी दीडला डॉक्टर बाहेर आले. तीनही नवे रस्ते झालेत, हृदय चालू आहे, पण उद्या जागी होईपर्यंत काही सांगणार नाही. हे सगळं जसंच्या तसं कुंदनला लिहिलं. 'काही सांगणार नाही' हेसुद्धा. कुठलीही ओळ गाळली नाही. त्याचं उत्तर: "वाचलं. बसून वाचलं."

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेनऊला पाच मिनिटं आत सोडलं. घशातली नळी काढली आहे. डोळे उघडे. मला बघून ओठ हलवले. मी वाकलो.

"पानी."

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ता नाही काका, डॉक्टर बघून गेल्यावर.

गुणाबाईनं ऐकलं. "कवा येतील ता विचारा," म्हणाली, एकेक शब्द सुटा. "मंजे मी तवर गप र्‍हाते."

विचारलं. साडेदहा.

बाहेर येऊन कुंदनला लिहिलं: आई जागी आहे. मला ओळखलं. पाणी मागते आहे. साडेदहाला मिळेल. हाच मजकूर मिसेस लुंडना इंग्रजीत केला. चार ओळी झाल्या. पाठवण्याआधी दोनदा वाचला. आणखी घालण्यासारखं काही सापडलं नाही.

१०.४०. दोन चमचे दिले. आणखी मागते आहे.